नवऱ्याची सुट्टी आणि गर्भाचे आठवडे

मुंबईला नोकरी करणारा नवरा गणपतीला गावी येतो, आठवडाभर राहून परततो आणि पुढे बायकोला दिवस गेल्याचे कळते, यात आमच्या सिंधुदुर्गात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते सोनोग्राफीचा कागद हाती आल्यावर. गेल्या वर्षी वाडीतल्या एका सासूबाईंनी तो माझ्यापुढे धरला आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "माझो झील येवन दीडच म्हयनो झालो गो, मगे हे दोन म्हयने खयसून इले?"

गर्भाचे वय गर्भधारणेपासून मोजतच नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बाईला ठाऊक असतो आणि स्त्रीबीज कधी सुटले हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. सुनेची पाळी १५ ऑगस्टला आली असेल आणि तिचे चक्र २८ दिवसांचे असेल, तर बीज २९ ऑगस्टच्या आसपास सुटते. म्हणजे १० ऑक्टोबरला कागदावर आठ आठवडे लिहिलेले असताना प्रत्यक्ष गर्भ सहाच आठवड्यांचा असतो. पहिले दोन आठवडे गर्भ नसतानाचे आहेत, आणि हे एक वाक्य तपासणीच्या वेळीच सांगितले गेले असते तर त्या घरातली पुढची कुजबुज टळली असती.

सुटलेले बीज १२ ते २४ तासच टिकते, परंतु शुक्राणू गर्भमार्गात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे दीड दिवसाचा गणपती पोचवून २८ तारखेला एसटीत बसलेल्या नवऱ्यापासूनही, बीज ३१ तारखेला सुटले तरी, गर्भ राहू शकतो.

पाळी लांबणाऱ्या बायकांचा हिशेब मात्र निराळा आहे. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. ३५ दिवसांच्या चक्रात बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, म्हणून सोनोग्राफीत गर्भ आठवडाभर लहान दिसतो आणि घरचे विनाकारण घाबरतात. पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. आठव्या आठवड्यात ती जेमतेम १६ मिलिमीटर असते, पण तिच्यावरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. पाळीच्या हिशेबाशी त्याहून अधिक तफावत असेल, तर तारीख सोनोग्राफीप्रमाणे बदलतात.

बाळंतपणाची तारीख पाळीपासून २८० दिवसांनी धरतात, म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस. वरच्या उदाहरणात २२ मे २०२६. आपल्याकडच्या जुन्या बायका नऊ महिने नऊ दिवस म्हणत आल्या आहेत, हे मला फार कौतुकाचे वाटते. लवकरच्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख पुढे बदलत नाहीत. सातव्या महिन्यात गर्भ दोन आठवड्यांनी लहान दिसला, तर डॉक्टर तारखेला हात न लावता बाळाची वाढ तपासतात, आणि त्या वेळी पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाईलमध्ये असावा लागतो.