बंद घरांच्या चाव्या आणि झावळीचे क्रूस

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला लावतात ती राख कुठून येते हे लहानपणी मला माहीतच नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेली झावळी घरी आणायची, तिचा छोटा क्रूस विणायचा, तो अल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, खोचून ठेवायचा आणि वर्षभराने चर्चमध्ये परत द्यायचा, मग ते सगळे वाळके क्रूस जाळून फादर राख करतात.

आमचं चर्च वेंगुर्ल्याकडचं, छोटंसं. एरवीच्या रविवारी अर्धे बाक रिकामे. आमच्या वाडीतली चार घरं बंदच असतात, तीन मुंबईला आणि एक कुवेतला, आणि चाव्या आईकडे. यंदा, २०२५ला, राखेचा बुधवार ५ मार्चला होता, तर त्याच्या आधी मी आईबरोबर त्या घरांतून फिरले. आई कुलूप काढते, खिडक्या उघडते, केर काढते, अल्तारावरचा जुना क्रूस पिशवीत टाकते. मी विचारलं की त्यांचा कशाला, ते तर इथे नाहीत, तर म्हणाली, "नसूदेत. घर तर आपल्या चर्चचंच ना?" मला पुढे काही बोलताच आलं नाही.

यंदाचा ईस्टर मी विसरणार नाही. २० एप्रिलला पोप फ्रान्सिस बाल्कनीत आलेले टीव्हीवर बघितले, खूप थकलेले दिसत होते पण आशीर्वाद दिला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ते गेल्याची बातमी. त्यानंतर मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पोपचं नाव घेतात ना, तिथे कोणाचंच नाव नाही, फादर सरळ बिशपांच्या नावावर जायचे, आणि दर वेळी मला तिथे पायरी चुकल्यासारखं व्हायचं. ८ मेच्या रात्री नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर दिसला तेव्हा आमच्या घरात सगळे जागे होते. नव्या पोपचं लिओ हे नाव जिभेवर बसायला मात्र वेळ लागला.

मे महिना म्हणजे आमचा खरा महिना, कारण चाकरमानी येतात, पोरं येतात, बाक भरतात. वाडीवाडीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, रोज एका घराची पाळी, क्रुसाला चुना, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, एक काका व्हायोलिन घेऊन पुढे आणि आम्ही सगळे मागून "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. नंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे, ते कागदाच्या पुडीतच खायचे, ताटलीत घेतले की ती चव नाही. पण यंदा पाऊस किती लवकर! २५ मेला मान्सून देवगडपर्यंत आलासुद्धा, त्याच्या आधीपासूनच झोडपत होता, मेणबत्त्या टिकेनात. आमच्या पाळीला तर ताडपत्री धरून उभे राहिलो आणि काकांनी व्हायोलिन शर्टाखाली घालून आणलं, पण लदीन झाली म्हणजे झाली.

मग जूनमध्ये परत तेच अर्धे बाक, छपरावर पावसाचा एवढा आवाज की फादरांचं प्रवचन मागच्यांना ऐकूच येत नाही.

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस रोजची प्रार्थना, नोव्हेना, मुलं रोज फुलं वाहतात. यंदा गणपती २७ ऑगस्टला आले त्यामुळे नोव्हेना बरोबर गणपतीत, आणि बाजारात फुलांना हात लावायची सोय नाही. शेजारच्या वहिनी त्यांच्या गणपतीसाठी जास्वंद तोडताना दोन फांद्या आमच्यासाठी मुद्दाम ठेवायच्या, सकाळीच हाक मारायच्या, "गो, पोरांका पाठव फुलांका." मुलं तेरडा पण भरभरून आणत होती. सणाच्या दिवशी भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद, त्यातलं एकेक कणीस आईने त्या चार घरांतही नेऊन ठेवलं.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस, यंदा रविवारीच आला. कबरींवरचं गवत आम्हीच काढलं, बंद घरवाल्यांच्या कबरींवरचंसुद्धा, आणि मेणबत्ती लावून फोटो पाठवले. कुवेतहून लगेच फोन आला, बराच वेळ पलीकडून नुसतं रडणंच ऐकू येत होतं.

आता ३० नोव्हेंबरपासून आगमनकाळ, नाताळच्या तयारीचे आठवडे, सुरू झालाय, चर्चमागे येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पोरं पेंढा जमवतायत. नाताळला चारपैकी दोन घरं उघडणार आहेत. बाकी दोन घरांत आई आणि मी फेब्रुवारीत जाऊ, पुढचा राखेचा बुधवार १८ तारखेला आहे. एका कुलुपाला गंज चढलाय, त्यात खोबरेल तेल सोडून ठेवलंय.