निवृत्तीपर्यंत इथेच?

येत्या जूनमध्ये मला याच आयटी कंपनीत पंचवीस वर्षे पूर्ण होतील. २००१ साली, अमेरिकेतील डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटून आमच्या तुकडीतील निम्म्या मुलांच्या ऑफर लेटरवरील रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या जात असताना, मला मात्र वेळेवर बोलावणे आले आणि त्याच कृतज्ञतेपोटी की काय, मी कधी दुसरीकडे अर्जही केला नाही. आता एकोणपन्नासावे सरत आले आहे, कंपनीच्या नियमानुसार निवृत्तीचे वय अठ्ठावन्न आहे, आणि उरलेली नऊ वर्षे इथेच काढावीत की नाही हा प्रश्न गेल्या दिवाळीपासून घरात रोज जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो.

प्रश्न आपणहून आला नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली आणि त्यात मुख्यत्वे मधल्या व वरच्या फळीतील लोक असतील असे स्पष्ट सांगितले. मी त्या कंपनीत नाही. पण पुण्याजवळच्या हिंजवडीतील कोणत्याही इमारतीत त्या आठवड्यात कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. वर्षातून किमान २२५ दिवस बिलेबल, म्हणजे ग्राहकाकडून पैसे मिळणाऱ्या कामावर, असले पाहिजे आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, ३५ दिवसांहून अधिक राहता येणार नाही, हा टीसीएसचा नियम त्याआधीच चर्चेत आला होता. आम्ही सगळे मनातल्या मनात आपापले दिवस मोजू लागलो. ऑक्टोबरात आमच्याकडेही सुरुवात झाली. माझ्याच मजल्यावरील एका सहकाऱ्याला, ज्याच्याबरोबर मी सोळा वर्षे डबा खाल्ला, पंधरा मिनिटांच्या बैठकीत सांगण्यात आले की स्वतः राजीनामा दिल्यास तीन महिन्यांचे मूळ वेतन आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. त्याने सही केली. कंपनीच्या हिशेबात ती कपात ठरली नाही, राजीनामा ठरला. यात कायदा आपल्या पाठीशी आहे असे वाटून मी थोडे वाचन केले, पण औद्योगिक विवाद कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारे बसत नव्हते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही बसत नाहीत. बढती घेत घेत मी स्वतःच त्या कुंपणाबाहेर चालत गेलो होतो, आणि दर वेळी पेढेही वाटले होते.

मग एका रविवारी कागद घेऊन बसलो. निवृत्तीपर्यंत थांबल्याने हाती नेमके काय लागते, हे एवढ्या वर्षांत मी कधीच मांडून पाहिले नव्हते. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा असतो: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांना सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे आणि सेवेच्या पूर्ण वर्षांनी पुन्हा गुणायचे. मूळ वेतन एक लाख धरले तर दर वर्षाचे ५७,६९२ रुपये होतात. पंचवीस वर्षांचे साधारण १४ लाख ४२ हजार, चौतीस वर्षांचे १९ लाख ६१ हजार. कायद्याने ठरवलेली कमाल रक्कम २० लाख आहे, त्यामुळे कंपनीने आपणहून जास्त दिले नाही तर पगार कितीही वाढला तरी पुढल्या नऊ वर्षांच्या निष्ठेचा या खात्यावरील भाव साडेपाच लाखांच्या आसपासच राहतो. नव्या कामगार संहितांमुळे वेतनाची व्याख्या बदलली आहे, एकूण पगाराचा किमान निम्मा भाग वेतन म्हणून धरावा लागतो, त्यामुळे माझ्यासारख्यांची ही कमाल मर्यादा आणखी लवकर गाठली जाईल. म्हणजे थांबण्याचे मोल उलट कमीच होते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे नोकरी बदलली तरी यूएएन या एकाच कायम क्रमांकाखाली सोबत येतात. त्यातील निवृत्तिवेतनासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपयांची आहे, आणि सेवेची कमाल पस्तीस वर्षे धरली तरी महिना साडेसात हजारांच्या पुढे ते जात नाही. तेही एकाच मालकाकडे राहण्यावर अवलंबून नाही.

हा कागद पाहून पत्नी म्हणाली, “म्हणजे तू पैशासाठी थांबलेला नाहीस. मग कशासाठी?” याचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही.

ते शोधण्यासाठीच म्हणा, नोव्हेंबरात मी चोवीस वर्षांनी पहिली मुलाखत दिली. खराडीतील एका परदेशी बँकेचे केंद्र होते. समोरच्या दोघांपैकी एकीचे वय पस्तिशीच्या आतले असावे. तिने अतिशय नम्रपणे विचारले, “सर, इतकी वर्षे एकाच ठिकाणी का राहिलात?” आमच्या पिढीने हा प्रश्न कौतुकाचा समजला असता. तिच्या तोंडी तो कौतुकाचा नव्हता, रेझ्युमेत दिसलेल्या एखाद्या रिकाम्या जागेबद्दल विचारतात तसा होता. मी प्रकल्प वेगवेगळे होते, ग्राहक वेगवेगळे होते असे काहीबाही सांगितले. त्यानंतर तिने स्क्रीनवर कोडचा एक तुकडा ठेवून त्यातील चूक दाखवायला सांगितले. चूक मला सापडली, पण लागलेला वेळ मला कळला आणि तिलाही कळला. गेली अकरा वर्षे मी माणसे, तारखा आणि एक्सेल सांभाळली आहेत. हाताने काम फारसे केलेले नाही.

तरीही त्यांची ऑफर आली, सध्याच्या पगारापेक्षा अठरा टक्क्यांनी जास्त. सहा महिने प्रोबेशन, त्या काळात पंधरा दिवसांच्या नोटिसीवर कोणीही कोणाला सोडू शकेल अशी अट. वाकडहून खराडी म्हणजे रोज अख्खे शहर ओलांडणे, पण ते चालले असते. अडले ते दुसऱ्याच ओळीवर. आरोग्य विम्यात पती-पत्नी आणि मुले होती, आई-वडील नव्हते. माझे वडील शहात्तर वर्षांचे, आई एकाहत्तरची, दोघांनाही मधुमेह आणि रक्तदाब. सध्या दोघेही कंपनीच्या सामूहिक विम्यात आहेत आणि मी ज्या दिवशी नोकरी सोडीन, किंवा मला सोडावी लागेल, त्या दिवशी ते संरक्षणही जाईल. त्या सहकाऱ्याने सही करताना मला हेच विचारले होते: “आईच्या डायलिसिसचं काय करू?” पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. मी निष्ठेने थांबलो नव्हतो, विम्याच्या कार्डाने थांबलो होतो.

आमच्या घरात या विषयाला आणखी एक पदर आहे. वडील पिंपरीतील एका मोठ्या कारखान्यात १९७० साली लागले आणि २००१ मध्ये, कारखान्याचे पगार चार-चार महिने थकू लागल्यावर, बावन्नाव्या वर्षी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन घरी आले. त्यांचा शेवटचा आणि माझा पहिला पगार एकाच वर्षातला. १९८३ साली भोसरीच्या एका कंपनीने त्यांना महिना दीडशे रुपये जास्त देऊ केले होते. क्वार्टर सुटेल आणि कॉलनीच्या शाळेतून मला काढावे लागेल म्हणून ते गेले नाहीत, हे मला आत्ता, या सगळ्या चर्चेत कळले. त्याची खंत वाटते का, असे मी विचारले. “तेव्हाच्या माहितीवर बरोबर होतं,” एवढेच ते म्हणाले. ती कंपनी पुढे कुठे गेली, हे त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

खराडीला मी नकार कळवला. पण त्याच आठवड्यात आई-वडिलांसाठी स्वतंत्र आरोग्य विमा शोधायला लागलो. या वयाला दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसरीकडे तयारी दाखवली, हप्ता ऐकून मी फोन काही क्षण बाजूला ठेवला. आधीपासूनच्या आजारांसाठी तिथे तीन वर्षांची प्रतीक्षा आहे. त्याहून जास्त आता नियमाने ठेवता येत नाही. तोवर कंपनीचा विमा आहेच. नऊ वर्षांच्या प्रश्नाला मला उत्तर सापडत नव्हते. आता निदान तीन वर्षे डोळ्यांपुढे आहेत: मुलगी तोवर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल आणि घराचे कर्ज फिटायला पाच हप्ते उरलेले असतील.

या तीन वर्षांत मी मॅनेजर म्हणून राहणार नाही, हेही ठरवले आहे. जानेवारीत वरिष्ठांकडे अर्ज दिला की मला टीम नको, एखाद्या प्रकल्पात तांत्रिक काम द्या. त्यांनी दोनदा विचारले की घरी सगळे ठीक आहे ना. पदनाम एक पायरी खाली येईल आणि यंदाची वाढ जवळजवळ नसेल, असे सांगून त्यांनी मान्य केले. सध्या एक सव्वीस वर्षांची मुलगी मला शिकवते आणि माझा कोड परत पाठवताना दर वेळी ‘सॉरी सर’ लिहिते. तो बहुतेक वेळा परत पाठवण्याच्याच लायकीचा असतो.

गेल्या शनिवारी विमा कंपनीचा माणूस रक्त तपासणीसाठी घरी आला. उपाशीपोटी बसवल्यामुळे वडील आधीच वैतागलेले होते. बाहीची गुंडी सोडताना त्यांनी विचारले, “अरे, कंपनीचा आहे ना विमा? मग हा दुसरा कशाला?”

“असू द्या बाबा, जोडीला.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. “अट किती वर्षांची आहे?”

“तीन.”

“मग तीन वर्षं कोणाशी भांडू नकोस,” ते म्हणाले, आणि हात पुढे केला.