ओ पॉझिटिव्ह म्हणून आलेली पिशवी

कॉलेजचं रक्तदान शिबिर गॅदरिंगच्या आठवड्यात ठेवू नका, असं एनएसएसच्या सरांना मी रक्तपेढीतर्फे दरवर्षी सांगते. ते मान डोलावतात आणि शिबिर नेमकं ट्रॅडिशनल डेलाच येतं. मुलींच्या ब्लाउजच्या बाह्या इतक्या घट्ट, की दंडावर पट्टा बांधायला जागा नसते. फोटोंच्या नादात सकाळपासून कुणी धड खाल्लेलं नसतं. निळ्या कॉपर सल्फेटमध्ये रक्ताचा थेंब टाकायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे रक्त घ्यायला हरकत नाही. मुलींचे थेंब कितीतरी वेळा तरंगत राहतात आणि त्या हिरमुसून परत जातात. बाहेर हलगी वाजत असते.

त्या वर्षी लेझीम पथकातला बी.कॉम.चा एक मुलगा फेट्यासकट कोचवर आडवा झाला. गळ्यातल्या आयकार्डवर ओ पॉझिटिव्ह छापलेलं. आमच्या स्लाइडवरही तेच आलं. साडेतीनशे मिली रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि पुन्हा नाचायला पळाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नळीतली तपासणी सुरू झाली. शिबिरात आपण फक्त रक्तपेशी तपासतो. इथे सीरमही, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा पातळ भागही, तपासतो. ओ गटाचं सीरम ए आणि बी पेशींचा गोळा करतं, ओ पेशींना हात लावत नाही. या मुलाच्या सीरमने ओ पेशींचाही घट्ट गोळा केला. नळी हलवली तरी सुटेना. वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा लावली, तेच. त्याच्याच पेशी त्याच्याच सीरममध्ये घातल्या तर काही झालं नाही. मग अँटी-एच लावलं, म्हणजे पेशींवरची ‘एच’ ही खूण ओळखणारं द्रावण. नेहमीच्या ओ पेशींचा त्यात लगेच गोळा होतो. याच्या जशाच्या तशा.

बॉम्बे ब्लड ग्रुप. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला. पुस्तकात शेकडो वेळा वाचलेला, पण माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच अँटिजेनच, म्हणजे ती एचची खूणच, या लोकांत नसते. त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ दिसतात. त्यांना ओ गटाचं रक्त चढवलं तर मात्र जिवावर बेतू शकतं. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. म्हणजे रस्त्यात याला अपघात झाला असता आणि कुणी घाईत आयकार्ड बघून ओची पिशवी लावली असती तर? रक्त चढवण्याआधी ते रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघायचा क्रॉसमॅच त्यासाठीच असतो, पण घाईच्या वेळी काय काय राहून जातं ते मी पाहिलंय.

डॉक्टरांनी नवा नमुना मागवायला सांगितलं. रक्तपेढीतून फोन आला की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. ‘‘मॅडम, एड्स वगैरे निघालाय का?’’ त्याने इतक्या हळू विचारलं, की मला आधी कळलंच नाही. मग फोन आईने घेतला.

त्याच्यासोबत घरचे चौघंही आले. आईवडील नात्यातले, ती त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघांकडून हा लपलेला जीन मुलाकडे आला की असं होतं, आणि नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. हे सांगताना वडिलांनी नजर खाली घातली. यात दोष कुणाचाच नाही, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. थोरल्या बहिणीला सातवा महिना, म्हणून तिची तपासणी सगळ्यांत आधी केली. ती साधी ओ निघाली. आईने पदराने डोळे पुसले. मग दहावीतल्या धाकट्या भावाला बोलावलं. तो बॉम्बे. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याचं रक्त घेता येणार नाही, त्यामुळे घरात दोघं असूनही तूर्त देणारा एकच.

पिशवी वेगळ्या कप्प्यात ठेवली, चार ठिकाणी कळवलं. पस्तीस दिवसांत ती कुणालाच लागली नाही आणि नियमाप्रमाणे नष्ट करावी लागली. ती गेली याचं मला फार वाईट वाटलं. आता मुलगा शिबिरात रक्त देत नाही; त्याचा नंबर दुर्मीळ दात्यांच्या यादीत आहे, बोलावणं आलं की जायचं.

राहिलं आयकार्ड. ते बदलायला मी स्वतः त्याच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात गेले. क्लार्कने कॉम्प्युटरवर यादी उघडून दाखवली. तिच्यात आठच गट होते, नववा टाईप करायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी कार्डाच्या मागे पेनाने लिहिलं आणि वर कॉलेजचा गोल शिक्का मारला. पुढच्या बाजूला अजून ओ पॉझिटिव्हच आहे.