चौऱ्याऐंशीव्या पानावरची चूक

“ताई, तुमचे दुकान चोरीच्या सीडीवरच उभे राहिले ना? मग आम्ही एखादी पीडीएफ पाठवली तर ती लगेच का काढून टाकता?” हा प्रश्न मला नौपाड्यातल्या आमच्या वाचक ग्रुपवर, गडकरी रंगायतनमध्ये मध्यंतरात, मासुंदा तलावाकाठच्या सकाळच्या फेरीत आणि एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरीही विचारला गेला आहे. ग्रुपचा नियम एवढाच आहे की जे पुस्तक दुकानात मिळते आणि ज्याचा लेखक हयात आहे, त्याची पीडीएफ टाकायची नाही. या प्रश्नाला मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि ती दोन वाक्ये दर वेळी वेगळी होती, म्हणून आता एकदा सगळे लिहून काढते.

सीडीची गोष्ट खरी आहे. १९९७ मध्ये पतपेढीचे कर्ज काढून मी कॉम्प्युटर घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत अक्षरजुळणी सुरू केली. कर्ज यंत्रातच संपले. पानांची मांडणी करणारे पेजमेकर सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्टचे पॅकेज परवान्यासह घेण्याची ऐपत नव्हती. लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर दोन्ही एकाच सीडीवर दीडशे रुपयांत मिळाली. विक्रेत्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि मी ती पिशवीत भाजीच्या खाली ठेवली. तेव्हा कायदा कुणाला ठाऊक होता, असे मी पुढे अनेक वर्षे सांगत आले. कलमाचा क्रमांक ठाऊक नव्हता हे खरे, पण वस्तू उघडपणे नेण्यासारखी असती तर मी ती भाजीखाली ठेवली नसती. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आलेले होते: ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. ज्याने कमाईसाठी वापर केला नाही त्याला न्यायालय कैदेतून सूट देऊ शकते. माझी तर त्यावर चूल पेटत होती.

त्या वेळच्या माझ्याशी मी आजही भांडते. तिचे म्हणणे असे, की जी वस्तू मी विकत घेऊच शकत नव्हते तिची विक्री माझ्यामुळे बुडाली कशी? हेच तुम्ही आज मला पुस्तकांबद्दल सांगता आणि त्याचे खोडून काढता येईल असे उत्तर मला सापडलेले नाही. परदेशातल्या कंपनीबद्दल मला तेव्हा काही वाटले नाही आणि, खरे सांगायचे तर, आजही फारसे वाटत नाही. मराठी फॉन्टबद्दल मात्र वाटते. परवान्याच्या पॅकेजबरोबर एक डोंगल मिळे, म्हणजे पॅकेज विकत घेतल्याची खूण असलेला छोटा जोड. तो कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात बसवून त्याला प्रिंटरची केबल जोडावी लागे, नाहीतर फॉन्ट चालत नसत. माझ्या सीडीवर हा पहारेकरी काढून टाकलेला होता आणि त्या खटाटोपात काही जोडाक्षरे ट्रेसिंग पेपरवर छापून येताना फुटत. ती मी दुसरीकडून छापून, ब्लेडने कापून, एक एक करून चिकटवत असे. रात्री अकरा वाजता “द्ध” चिकटवताना मला दर वेळी जाणवे की हे अक्षर कुणीतरी बसून काढलेले आहे, आणि त्याच्या ग्राहकांची संख्या ही इंग्रजीच्या जगासारखी अफाट नसून आमच्यासारख्या चार गल्ल्यांतल्या दुकानांएवढीच आहे. २००९ मध्ये मी सगळे परवाने घेतले. त्याने आधीची बारा वर्षे भरून निघाली असे मी म्हणत नाही.

दुसरा आरोप अधिक बोचतो. २०१५ मध्ये इंटरनेट सर्वांसाठी सारखे राहावे म्हणून ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, ईमेल पाठवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा इमारतीतल्या आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांकडून मीच ईमेल पाठवून घेतले होते, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे दर बदलण्यास मनाई केली त्या दिवशी पेढेही वाटले होते. “तेव्हा स्वातंत्र्य हवे होते, आता पहारा हवा?” असे मला विचारले जाते. पहारा मला तेव्हा नको होता तसाच आजही नको आहे. २०१२ मध्ये एका चित्रपटाच्या पायरसीविरुद्ध न्यायालयाने अज्ञात व्यक्तींवर आदेश काढला आणि इंटरनेट कंपन्यांनी त्याच्या आधारे व्हिमिओसारखी संकेतस्थळे सरसकट बंद करून टाकली. त्यात पायरसीशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी लोक भरडले गेले. संकेतस्थळे बंद करण्याच्या मी विरोधात आहे. मी एका ग्रुपमध्ये, समोरासमोर ओळखणाऱ्या माणसांना, एक गोष्ट करू नका म्हणून सांगते. ती आणि सरकारी बंदी एकच आहेत असे मला वाटत नाही. ग्रुपची किल्ली माझ्याच हातात आहे, तेव्हा थोडी सत्ता त्यातही आहे, हे मी नाकारत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा नियम आला ती सांगते, कारण ती तुमच्यापैकी फारच थोड्यांना पूर्ण ठाऊक आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक बारा वर्षे ठाणे खाडीकाठच्या मिठागरांवर हिंडून तिथल्या कामाचे शब्द गोळा करत होते. मिठागरे एकेक करून ओस पडत होती आणि ते शब्द बोलणारी माणसेही जात होती. २०१८ मध्ये त्यांच्या शब्दसंग्रहाचे पुस्तक मी काढले: तेरा फर्मे, ५०० प्रती, किंमत २५० रुपये, खर्च निम्मा त्यांचा आणि निम्मा माझा. मराठीत अशा पुस्तकाची आवृत्ती पाचशेचीच निघते आणि ती संपायला काही वर्षे लागतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. प्रकाशनानंतर तेविसाव्या दिवशी ते अख्खे पुस्तक पीडीएफ होऊन माझ्याच फोनवर आले. पाठवणाऱ्याने खाली लिहिले होते, “ताई, तुमच्या आवडीचा विषय आहे, जरूर वाचा.”

मी ती फाइल मोठी करून पाहिली. पुस्तक स्कॅन केले की पानाच्या मधल्या घडीची सावली येते, कडा वाकतात. इथे सावली नव्हती, आणि प्रत्येक पानाच्या चारही कोपऱ्यांत कटमार्क होते, म्हणजे बाइंडरने कागद कुठे कापायचा ते दाखवणाऱ्या बारीक रेघा. छापील पुस्तकात त्या उरत नाहीत. फाइल माझ्या दुकानातून बाहेर पडली होती. मग मी ८४ वे पान काढले. मिठागरांच्या खासगी मालकीशी जोडलेला “शिलोत्री” हा शब्द दुसऱ्या प्रुफात “शिळोत्री” असा पडला होता. सरांनी तो अखेरच्या क्षणी पकडला आणि छापण्यापूर्वी आम्ही तो सुधारला. या पीडीएफमध्ये तो “शिळोत्री” होता. दुसऱ्या प्रुफाची फाइल माझ्याकडे होती आणि माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाकडे होती. तिसरे नाव मला आठवले नाही, कारण मला ते आठवायचे नव्हते.

तो मुलगा कळव्याचा. एकोणिसाव्या वर्षी आला, पाच वर्षे होता, ऱ्हस्वदीर्घ माझ्यापेक्षा चांगले सांभाळत असे. त्याला काम मी शिकवले आणि त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर चोरीचे सॉफ्टवेअर कसे बसवायचे तेही मीच एकदा दाखवले होते, कारण त्याला घरी सराव करायचा होता. वागळे इस्टेटमधल्या प्रेसचा माणूस प्लेटा घेण्यासाठी बसलेला असताना, त्याच्यासमोर मी त्या मुलाला विचारले. “ताई, मी नाही पाठवली,” एवढेच तो म्हणाला. मी म्हणाले, “मग फाइलला पाय फुटले का?” आणखीही काही बोलले, जे मला लिहवत नाही. त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली, तिच्याबरोबरचा पेनड्राइव्ह काढला, दोन्ही कीबोर्डशेजारी ठेवली, आणि फ्रीजमधला स्वतःचा न उघडलेला डबा घेऊन तो निघून गेला.

त्या आठवड्यात मी पोलिसांकडे जाण्याचाही विचार केला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली किमान सहा महिने कैद आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे की नाही याबद्दल उच्च न्यायालयांत तेव्हा मतभेद होते, आणि पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. मला अडवले ते पालघरने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि ते लाइक करणारी दुसरी, अशा दोघींना तिथे अटक झाली, तेव्हा पालघर आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, पण त्या दोघींची ती रात्र काही रद्द झाली नाही. मी तक्रार केली नाही. याचे श्रेय मी घेत नाही, कारण जे चौकीत झाले असते त्यातले बरेचसे मी दुकानातच करून ठेवले होते.

पाच आठवड्यांनी हिशेब घेऊन मी सरांकडे गेले. त्यांचा फोन भरला होता. “जरा काही पुसून द्या,” म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यात मी पाठवलेली दुसऱ्या प्रुफाची फाइल होती. ज्या संध्याकाळी मी ती पाठवली, त्याच संध्याकाळी सरांनी ती कोपरीच्या एका मित्राला पाठवली होती आणि खाली लिहिले होते, “नजरेखालून घाला, चुका सांगा.” सरांनी काही लपवले नव्हते; लपवण्यासारखे त्यांना त्यात काही वाटलेच नव्हते. पीडीएफ फिरते आहे हे त्यांना ठाऊक होते आणि ते आनंदात होते. मिठागरावर राबलेल्या एका आजींना नातवाने फोनवर ते शब्द वाचून दाखवले, आणि आजींनी आणखी चार शब्द सांगितले, हे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने ऐकवले. मी त्या मुलाबद्दल सरांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कळव्याला गेले. त्या मुलाच्या आईने पाणी दिले. तो दारापर्यंत आला, माझे बोलणे ऐकून घेतले, आणि म्हणाला, “ठीक आहे, ताई.” त्याला ऐरोलीत नोकरी लागली होती.

तुम्ही यावर म्हणता, की मग चोरी झालीच नव्हती, लेखकानेच दिली होती, लेखक खूशही होता, तर नियम कशासाठी? विक्री पीडीएफमुळे थांबली असे मी सिद्ध करू शकत नाही. १७१ प्रती गेल्या, उरलेल्या कदाचित तशाही गेल्या नसत्या. पण सरांनी फाइल एका मित्राला चुका काढण्यासाठी दिली होती, आणि त्यानंतर ज्या शेकडो लोकांनी ती पुढे ढकलली त्यांच्यातल्या एकानेही सरांना फोन करून विचारले नाही, जरी त्यांचा पत्ता आणि क्रमांक तिसऱ्या पानावर छापलेला होता. विचारले असते तर ते हो म्हणाले असते, याची मला खात्री आहे. मला खटकते ते तेच, की विचारणे इतके सोपे होते. मी १९९७ मध्ये कुणाला विचारले होते, हे तुम्ही म्हणालच, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक कबुली. दुर्मीळ पुस्तकांच्या पीडीएफ मी ग्रुपवर राहू देते, आणि कायद्याने त्याही चालत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. १९७० मध्ये गेलेल्या लेखकाचे, चाळीस वर्षे कुणी न छापलेले पुस्तकही २०३० च्या अखेरपर्यंत बंद आहे. ते मला चूक वाटते आणि मी तो कायदा मोडते. कोणता कायदा मोडायचा ते मी ठरवणार आणि तुम्ही नाही, असा याचा अर्थ होतो हे मला कळते. यावर मला अजून मार्ग सुचलेला नाही.

सर २०२१ मध्ये गेले. नियमातल्या “हयात” या शब्दावर बोट ठेवून काहींनी त्याच महिन्यात पीडीएफ पुन्हा टाकली. मी ती काढली, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीने विचारले की पुस्तक सर्वांना मोफत देता येईल का. हक्क तिचा होता. जुनी फाइल जुन्या फॉन्टमधली असल्यामुळे तिच्यात एक शब्दही शोधता येत नसे. मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला, मुंबईच्या “एक टाइप” या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने सर्वांसाठी खुला ठेवलेला “मुक्ता” फॉन्ट लावला, शब्द न् शब्द छापील प्रतीशी ताडला, आणि आजींचे चार शब्दही शेवटी जोडले. ती प्रत ग्रुपवर आहे, हवी तितकी पाठवा. तरीही फिरते ती जुनीच.

गेल्या दिवाळीत मिठागरांवरच्या एका लेखात मला “शिळोत्री” दिसला, संदर्भ म्हणून सरांचे पुस्तक आणि पान ८४ दिलेले. मी लेखकाला कळवले की शब्द “शिलोत्री” असा आहे. त्यांनी नम्रपणे उत्तर दिले की पुस्तकात तसेच छापले आहे, आणि पुरावा म्हणून त्या पानाचे चित्र पाठवले. त्याच्या चारही कोपऱ्यांत कटमार्क होते.