रूळ गेले, सायकली आल्या

भारतातून कुणी आमच्याकडे ब्रिस्टलला यायचं ठरलं की पूर्वी फोनवर पहिला प्रश्न थंडीचा असायचा. हल्ली विचारतात, "सायकल चालवायला मिळेल का गं?" मिळते की, आणि मोटारींच्या गर्दीत जीव मुठीत न धरता मिळते. पण पुढचं उत्तर विचारणारं कोण आहे त्यावर ठरतं. शाळा सुटल्यापासून सायकलीला हात न लावलेल्या मावशीला मी जिथे नेते तिथे भाच्याला नेत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरते, तिच्याबरोबर जायचं तर नकाशाच वेगळा काढावा लागतो. या तिन्ही वाटांवर मोटार औषधालाही सापडत नाही, तरी एकीची वाट दुसऱ्याला चालत नाही.

ब्रिटनमधल्या अशा बऱ्याचशा वाटा मूळच्या रेल्वेच्या. 1963 साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी तोट्यातल्या रेल्वेवर अहवाल दिला. सुमारे 5,000 मैलांचे मार्ग आणि दोन हजारांवर स्थानकं बंद करा, असं त्यात होतं. गावोगावची म्हातारी माणसं अजून या माणसाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. रूळ उखडून नेले, पण भराव, पूल आणि बोगदे जागच्या जागी राहिले, आणि सायकलवाल्यांचं फावलं. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून जुन्या अभियंत्यांनी डोंगर फोडून, दऱ्या भरून मार्ग होता होईल तो सपाट ठेवला होता. बऱ्याच ठिकाणी शंभर फूट पुढे गेल्यावर जेमतेम फूटभर चढ. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण 37 ला 1 आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, म्हणजे बघा. दीडशे वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलेला हा लाड आज गुडघे दुखणाऱ्यांच्या कामी येतो.

आमच्या दाराशी असलेली ब्रिस्टल ते बाथ ही 13 मैलांची वाट या सगळ्याची थोरली बहीण. 1977 साली इथल्या काही लोकांनी सायकलबॅग नावाचा गट काढला. जॉन ग्रिमशॉ हे त्यातले अभियंता. बाथ ते बिटन हा पहिला तुकडा 1979 साली बराचसा स्वयंसेवकांच्या हातांनी झाला, आणि 1986 पर्यंत वाट ब्रिस्टलला येऊन मिळाली. याच गटातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली. 1995 साली तिला लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून जास्त रक्कम मिळाली आणि देशभर राष्ट्रीय सायकल मार्गांचं जाळं विणलं गेलं. त्या जाळ्यातला मोठा भाग मात्र साध्या रस्त्यांवरूनच जातो. निळ्या पाटीवर तांबड्या चौकोनात आकडा दिसला की पुढे गाड्या नाहीत असं समजून पोरांना मोकळं सोडू नका.

मावशीला मी ब्रिस्टलहून नाही, बिटनहून सायकलवर बसवलं. ब्रिस्टलकडून निघालं की स्टेपल हिलच्या बोगद्यापर्यंत सतत चढ लागतो. डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. शिवाय सकाळी कामावर जाणारी मंडळी तिथून अशी सुटतात की नवख्या माणसाचं हँडल थरथरायला लागतं. बिटनला जुनं स्थानक आहे, चहा मिळतो, आणि हौशी मंडळींनी जपलेली वाफेची गाडी सुट्टीच्या दिवशी शेजारच्या रुळांवरून धावते. कोळशाचा धूर नाकात गेला तशी मावशी खुशीत आली. तिथून बाथ सहा मैलांच्या आसपास. वाट डांबरी, रुंद, आणि एव्हन नदी पुन्हापुन्हा आडवी येते. प्रत्येक पुलावर मावशीला थांबायचं होतं. मी थांबू दिलं. नवख्या माणसाबरोबर गेलात तर थांबायला कारण सापडलं की हरकत घेऊ नये, तेवढ्यात पाय हलके होतात.

परतीचा हिशेब मात्र आधीच करावा लागतो. इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडचा, त्यामुळे सपाट वाट येताना चढाची होऊन बसते. वाट किती मैलांची यापेक्षा कुठल्या टप्प्यावरून माघारी फिरता येईल, हे मी पाहुण्यांना आधी सांगते. ज्याचा दम सगळ्यात आधी संपणार त्याच्या हिशेबाने फिरायचं.

भाच्याचं दुखणं उलटं. अरुंद टायरची सायकल, घट्ट कपडे आणि मनगटावर सगळं मोजणारं घड्याळ. या वाटांवर चालणारे, बाबागाडीवाले, लांबलचक दोरीला बांधलेले कुत्रे, सगळेच असतात. कुत्रा एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मधोमध न दिसणारी दोरी. इथे ताशी पस्तीस किलोमीटरने जायची इच्छा होणं हाच मुळात आगाऊपणा आहे, असं माझं मत. अशांसाठी बंद सर्किटं असतात. लंडनमध्ये 2012 च्या ऑलिंपिकच्या व्हेलोड्रोमला, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागृहाला, लागून एक मैलाचं डांबरी सर्किट आहे, आणि रेडब्रिजला हॉग हिल नावाचं दोन किलोमीटरचं. सगळे एकाच दिशेने, समोरून कुणी यायचं नाही. हॉग हिलचा चढ दर फेरीला पुन्हा समोर येतो. भाचा तिथून परतला तेव्हा घड्याळाबद्दल एक शब्द बोलला नाही.

गाड्या नसल्या म्हणजे डांबर असेलच असंही नाही. डर्बीशरमधली मॉन्सल ट्रेल साडेआठ मैलांची. तिच्यावरचे बोगदे 2011 साली खुले झाले आणि तेव्हापासून ती कुटुंबांची लाडकी आहे. पण पृष्ठभाग बराचसा दाबलेल्या बारीक खडीचा. जाड टायरला काही वाटत नाही, भाच्याच्या सायकलीने मात्र दात वाजतील. त्याच भागातली हाय पीक ट्रेल तर रेल्वेमार्गाच्या सपाटपणाबद्दल मी वर जे सांगितलं ते खोटं पाडते. तिथे मिडलटनच्या उतारावर 8 ला 1 च्या जवळपास घसरण आहे. तो मार्ग इतका जुना की इंजिनाने चढायचा विचारच नव्हता. वर टेकडीवर एक वाफेचं यंत्र बसवलं होतं आणि ते वाघिणी दोराने ओढून घ्यायचं. यंत्राची इमारत अजून उभी आहे. तिथे सायकलीवरून उतरून चालावं, लाजू नये.

बाथच्या दक्षिणेकडची दोन बोगद्यांची वाट 2013 साली खुली झाली. पाहुण्यांना ती हमखास हवी असते, कारण तिचे फोटो फिरतात. कूम डाउनचा बोगदा 1,672 मीटर लांब आहे. आत दिवे आहेत, एका टप्प्यात भिंतींतून संगीत ऐकू येतं, आणि भर उन्हाळ्यात गेलात तरी अंगात जाकीट लागतं. बाथमधून चढताना 50 ला 1 असा रेल्वेच्या मानाने खडा चढ आहे. या बोगद्याला हवा खेळायला वाट ठेवलेलीच नव्हती. 1929 साली पलीकडून बाथकडे येताना चढावर रेंगाळणाऱ्या एका मालगाडीचे चालक धुराने आतच बेशुद्ध पडले, गाडी पुढच्या उतारावरून सुसाट खाली बाथच्या यार्डात जाऊन आदळली, आणि माणसं गेली. आज तिथून शाळेची पोरं ओरडत, स्वतःचा प्रतिध्वनी ऐकत जातात. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना नेऊ नका, मधून बाहेर पडायला सोय नाही. बोगद्यांनंतर कालव्याच्या काठाने बाथला परत येता येतं. काठाची वाट अरुंद आहे आणि चालणाऱ्यांचा मान पहिला. हळू जायचं, आधी घंटी वाजवायची, मग "थँक यू" म्हणायचं. घंटी न वाजवता शेजारून गेलात तर बोलणी बसतात, वाजवलीत तरी कधीकधी बसतात.

पानगळीत ओली पानं आणि हिवाळ्यात न दिसणारं बर्फ, दोन्हींवर सायकल सारखीच घसरते. त्या दिवसांत पाहुणे येत नाहीत, त्यामुळे जास्त सांगत नाही.

आता मैत्रिणीचं. तिला चढ अडवत नाहीत, तिचे दंड माझ्या पायांपेक्षा मजबूत आहेत. अडवतात ती फाटकं. मोटारसायकलवाल्या टवाळांनी वाटेत घुसू नये म्हणून जागोजागी लोखंडी अडसर बसवलेले आहेत. एक प्रकार इंग्रजी ए अक्षरासारखा: दोन तिरक्या पट्ट्या, वर अरुंद, खाली किंचित रुंद. मी पुढचं चाक उचलून, हँडल तिरकं करून निसटते. तिची सायकल उचलण्यातली नाही, वाकण्यातलीही नाही. पोरांना बसवायची पेटी असलेल्या सायकलींचं, जोडसायकलींचं हेच. 2018 साली सस्ट्रान्सने स्वतःचं जाळं तपासलं तेव्हा असे 16,000 च्या वर अडथळे निघाले. 2020 च्या सरकारी मार्गदर्शक नियमांत मग स्पष्ट लिहिलं गेलं की 2.8 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद सायकल जाईल अशी वाट आखा. नवीन कामांना ते लागू होतं. जुनी फाटकं निघायला कुणीतरी मागे लागावं लागतं.

मागे लागायचं काम मैत्रीण करते. नव्या वाटेवर जायचं ठरलं की ती आधी फाटकांचे फोटो शोधते, मैल नंतर बघते. आमच्या भागातल्या एका अडसराबद्दल तिने इतकी पत्रं लिहिली की शेवटी तो काढून दीड मीटर अंतरावर साधे खांब बसवले. "मग मोटारसायकली यायला लागल्या का?" मी विचारलं.

"एक आली होती म्हणे शनिवारी रात्री," ती म्हणाली. "तो तर आधीही यायचा, बाजूच्या कुंपणातून."