तुम्ही विचारलंत म्हणून: बोट पाण्यात कधी घालणार?

दिवाळी गेली, संक्रांत गेली, आता होळी तोंडावर आली आणि माझ्या पंप-मोटार दुरुस्तीच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस हातातली मोटार खाली ठेवायच्या आधी विचारतो, मिस्त्री, बोट पाण्यात कधी? काहीजण नुसतं "काय म्हणतीय बोट" म्हणतेत आणि हसतेत. आमचे सासरे आधी फोनवर लेकरांची चौकशी करायचे, आता थेट बोटीवर येतेत. जिंतूरात घरापुढं सोळा फुटी फायबरची बोट ताडपत्रीखाली चार महिने उभी असल्यावर लोक विचारणारच, मान्य आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला कळतं की. फसला ना मिस्त्री, कोकणातल्या माणसानं भंगार गळ्यात मारलं ना, असं. आणि मी "हो ना, काय सांगायचं" अशी मान हलवत आलोय. म्हणून एकदा लिहून टाकतो, नंतर कुणी विचारलं की हेच पुढं करीन.

मराठवाड्यात बोट कशाला, ह्याचं उत्तर मी देणार नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आपल्याकडं पाणी म्हणलं की लोकांना टँकरच दिसतो. आपलं येलदरी धरण १९६८ पासून उभं आहे, वरचं खडकपूर्णा धरण भरलं आणि पूर्णेला पाणी सुटलं की ह्याचे दहाही दरवाजे उघडायची वेळ येते आणि तेव्हा मोबाईल घेऊन बघायला जाणारेही आपणच. बॅकवॉटरच्या कडंला लोक अजून थर्माकोलच्या चप्पूवर बसून मासे धरतेत, पलीकडं जातेत. एवढं पुरे.

तर चार महिने मी काय करायलोय. इंजिन आहे २५ हॉर्सपॉवरचं, टू स्ट्रोक, मागच्या फळीला अडकवायचं. आयुष्य सगळं खाऱ्या पाण्यात गेलेलं. बरेच जण म्हणतेत आता गोड्या पाण्यात आलंय, आता काय गंजतंय. अरे बाबा, मीठ आधीच आत बसलेलं आहे ना, ते येताना कोकणात ठेवून आलं का? इंजिनाभोवती पाणी फिरायच्या ज्या बारीक वाटा असतेत त्यात मिठाचे खडे धरलेले असतेत. मी दोनशे लिटरचा ड्रम कापला, इंजिनाचा खालचा पाय त्यात बुडवला आणि गोडं पाणी खेळवलं, आठ-दहा वेळा, दरवेळी पाणी बदलून. पहिल्या दोन वेळा ड्रमातलं पाणी जिभेला खारट लागलं. हो, चाखून बघितलं.

खालच्या गिअरचं ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं, म्हणजे सीलमधून पाणी आत शिरलेलं. पंखा काढून बघितला तर शाफ्टला तंगूस, मासे धरायचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, चांगला हातभर, त्यानंच सील कापलं होतं. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं आणि वरच्या भोकातून येईपर्यंत भरायचं, वरून ओतलं की हवा कोंडती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एकदा चुकून कळलं. खाली एक जस्ताचा तुकडा असतो, स्वतः गंजून बाकीच्या अ‍ॅल्युमिनियमला वाचवतो. तो खाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि ते काम करणं सोडून देतं, म्हणून मॅग्नेशियमचा मागवला. माझ्या तुकड्यावर कुणीतरी निळा ऑइलपेंट मारून ठेवला होता. रंग मारल्यावर तो कसला गंजतोय आणि कुणाला वाचवतोय!

पेट्रोलचं वेगळंच. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, टाकीत महिनाभर पडून राहिलं की भरोसा नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं, सकाळी खाली बोटभर वेगळा थर. फेकून दिलं. नळी बदलली, मधला दाबायचा रबरी गोळा दगडासारखा झाला होता तोही बदलला, कार्बोरेटरचे जेट तारेनं न खरवडता धुतले, पेट्रोलात लिटरला २० मिली टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं, ऑइल. कागदपत्रांचं मी इथं बोलत नाही, त्या फायलीवर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

हे सगळं आधीच का केलं नाही, असं मलाही कुणी विचारायच्या आधी मीच विचारतो.

बोट पहिल्यांदा पाण्यात घातली तो भाऊबीजेचा दिवस होता. बहीण आलेली, तिचा अकरा वर्षांचा पोरगा मामा बोट मामा बोट करायला. अण्णा, म्हणजे वडील, वय वर्षं बहात्तर, नवीन टोपी घालून तयार. नारळ फोडला. अंगावर घालायचं जॅकेट एकच होतं, ते भाच्याला घातलं, मोठ्याचं होतं, कानापर्यंत आलं. वल्हं नाही. नांगर नाही. ते सगळं पुढच्या आठवड्यात आणायचं होतं. दुसऱ्यांदा दोरी ओढल्यावर इंजिन चालू झालं आणि कडंवरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या तेव्हा मला जे वाटलं ते मी नाकारत नाही, लई भारी वाटलं.

इंजिनाच्या मागून पाण्याची एक धार पडत असती. ती पडली म्हणजे पाणी फिरायलंय. ती धार मला दिसत होती, बारीक होती, लहान लेकराच्या मुतासारखी, तुटत तुटत. मला वाटलं अशीच असती. मी! तीस वर्षं ज्यानं शेतकऱ्याला डिलिव्हरी पाईपाच्या धारेवरून सांगितलं की तुझ्या मोटारीचा इंपेलर, पाणी ढकलणारा आतला पंखा, गेलाय, त्याला ती धार बघून काही वाटलं नाही.

एक-दीड किलोमीटर आत गेलो असू. आधी रंग तापल्यासारखा वास आला, मग आवाज जड झाला, मग एकदम गप. दोरी ओढली तर ओढेना, पिस्टन धरलेला. वारा सुटला होता, दुपारी तिकडं सुटतोच, बोट आडवी झाली आणि लाटा बाजूनं आपटायला लागल्या. ह्या सगळ्यात भाचा म्हणला, मामा, पाय ओले झाले. मागं तळाला पाणी सोडायचं बूच असतं, ते लावलेलं होतं पण त्याचं वायसर वाळून चिरलेलं, तिथून पाणी येत होतं. मोटार चालू असताना नाक वर असतं, पाणी सगळं मागं राहतं, कळत नाही. अण्णांनी बहिणीनं दिलेला डबा उघडला, करंज्या पाण्यात टाकल्या आणि डब्यानं पाणी उपसायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. मी दोरी ओढायलो, ते उपसायलेत, पोरगं मधी बसलंय आणि करंज्या बोटीच्या बाजूनं तरंगायलेत. हे तासभर चाललं. अण्णा विहिरीत पोहलेला माणूस, त्यांना पाण्याची भीती नाही, पण त्या दिवशी त्यांनी एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं भाच्याच्या जॅकेटचा पट्टा धरला होता आणि तो पट्टा कडंला येईपर्यंत सोडला नाही.

आम्हाला आणलं ते दोघा भावांनी, थर्माकोलच्या चप्पूवर बसून. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले थर्माकोलचे तुकडे, त्यावर मांडी घालून बसलेला माणूस, हातात फळकुट, आणि मागं दोरीला माझी अडीच लाखाची बोट. कडंला यायला अंधार पडला. पैसे घेईनात. थोरला भाऊ माझ्या ओळखीचा, त्याची शेतातली सबमर्सिबल माझ्याकडंच येते. त्यानं इंजिनाला हात लावला आणि साधं विचारल्यासारखं विचारलं, "मिस्त्री, कोरडी फिरवली होती का?"

मी म्हणलं, नाही. कोकणातल्या माणसानं फसवलं.

आता खरं सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरापुढं वीस-पंचवीस लोक जमले होते आणि चालू करून दाखव म्हणत होते. मी चालू करून दाखवली. ड्रम नाही, पाणी नाही, अंगणात, फळीला लटकलेली, एक-दोन मिनिटं, वर रेसही दिली. रबराच्या इंपेलरला पाणी हेच ऑइल असतं, कोरडा फिरला की काही सेकंदांत रबर भाजायला लागतं. माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागं पाटी आहे, मीच लिहिलेली: मोटार कोरडी चालवल्यास गॅरंटी मिळणार नाही. त्या थोरल्याची मोटार दोन वर्षांपूर्वी त्याच कारणानं जळाली होती तेव्हा मी त्याला चार लोकांत पाटीकडं बोट दाखवून बोललो होतो.

नंतर इंजिनातला पाणी फिरवायचा पंप उघडला तर इंपेलरच्या सहा पाकळ्यांतल्या दोन गायब, बाकीच्यांच्या कडा चकाकत्या, भाजलेल्या. तसली कड मी डोळे झाकून बोटानं ओळखतो. गायब झालेले तुकडे शोधावे लागतेत, नाहीतर नवा इंपेलर टाकूनही वाट तुंबलेली राहते. एक वरच्या पाईपात सापडला. दुसऱ्यासाठी सगळं झाकण खोलावं लागलं.

पण थांबा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाण्याला वाट देणारी झडप, काढून बायकोच्या पातेल्यात उकळला (ते पातेलं आता माझ्याच नावावर आहे), तर पाणी खळखळ उकळलं तरी तो उघडला नाही, मिठानं घट्ट धरलेला. तो काही मी एका दिवसात धरवला नाही. मग नुसत्या त्यानंही इंजिन तापलं असतं की नाही? तंगूस माझा नाही, वायसर माझं नाही. विकणाऱ्यानं "एकदम ओके" म्हणलं होतं. हे मी स्वतःला रात्री सांगतो आणि सकाळी इंपेलर काढून परत बघतो. तो फेकलेला नाही, गल्ल्यात ठेवलाय. त्या दिवशीचा मी म्हणतो, अरे धारेचं तुला कुणी शिकवलं होतं का. आजचा मी म्हणतो, शिकवायला कशाला पाहिजे, तू धंदा काय करतोस. ह्यात कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही.

पिस्टन तेलात भिजवून दोन दिवसांनी सुटला. नवीन रिंगा टाकल्या. जॅकेटं चार आणली, एक लहान पोराच्या मापाचं. वल्ही, नांगर, उपसायला डबडं. किल स्विचची दोरी होती, माणूस पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी, मीच ती मनगटाला न बांधता मुठीला गुंडाळून ठेवायचो, आता बांधतो. ड्रमात इंजिन अर्धा तास चालवलं, धार बोटाएवढी, तुटत नाही.

मग आता काय राहिलं? राहिली ती मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं. वरून फायबर, आत प्लायवूड. आई माठ घेताना टिचकी मारून घ्यायची, तसं मी लाकडी मुठीनं सगळी फळी ठोकत गेलो. उजवीकडं टणक वाजली. डावीकडं खाली, बोल्टाच्या भोकाजवळ, भद्द. तिथं तीन एमएमचं भोक पाडलं तर भुसा काळा आणि ओला निघाला, दोन बोटांत दाबला तर पाणी सुटलं. आता ती फळी कापून नवी घालायची की वाळवून रेझिन भरायचं, ह्यावर मी पंधरा दिवस अडकलोय. इंजिन पन्नास किलोच्या वर जातं. ते फळीसकट मागं गळून पडलं तर डब्यानं उपसून भागणार नाही.

घाई आहे, ते मलाही दिसतं. होळीनंतर धरणातून शेतीला उन्हाळी आवर्तनं सुटली की पाणी उतरत जाणार, चिखल आणि खुंट वर येणार, मग पंख्याची वाट. पाडव्याला घाल, मुहूर्त चांगला आहे, असं बहीण म्हणते. अण्णा काही म्हणत नाहीत. परवा ड्रमात इंजिन चालू असताना येऊन उभे राहिले, धारेखाली हात धरला, बघितलं आणि आत गेले. बसणार का विचारलं नाही मी.

आणि त्या थोरल्याची मोटार परत आलीय, ह्यावेळी वाइंडिंग. करून ठेवलीय, उद्या न्यायला येणार आहे. बिल मी लिहिलेलं नाही, तो दिल्याशिवाय जायचा नाही. पाटी अजून भिंतीवरच आहे. काढून ठेवायची का तो यायच्या आधी, का तो आल्यावर त्याच्यासमोरच, का राहू द्यायची, हे काही मला कळेना.