रावेची पोरं आणि खारेपाटातली खांड

मी रायगडमधल्या एका कृषी कॉलेजात शिकवते आणि सातव्या सेमिस्टरच्या पोरांचं रावे माझ्याकडे असतं. रावे म्हणजे पोरांनी खरिपात गावात राहायचं, शेतकऱ्याबरोबर काम करायचं, प्रात्यक्षिकं घ्यायची, फोटो काढायचे आणि फाईल भरायची. फाईल मात्र सगळे मन लावून भरतात, त्यात कसूर नाही.

गेल्या पावसाळ्यात एक बॅच पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात होती. तिथली शेती म्हणजे खाडीच्या बाजूला मातीचा बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, आणि आत भात. जूनमध्ये पोरांनी बीजप्रक्रिया दाखवली होती, 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकायचं, बियाणं बुडवायचं, पोचट दाणे तरंगतात ते काढून टाकायचे. तर एक आजी म्हणाल्या, "मीठ इकत कशाला आणलाव, आमच्याकडं खाडीच घरात येते." सगळे हसले तेव्हा.

पिठोरी अमावास्येला मी व्हिजिटला गेले. त्या दिवशी भातावरच्या खोडकिड्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे सापळे लावायचे होते, बॅनर बांधून तयार. तेवढ्यात एक काका बांधावरूनच ओरडत आले, "मॅडम, ता सगला ठेवा बाजूला, खांड गेली!" अमावास्येचं उधाण, भरती दुपारी बाराच्या सुमारास टिपेला, वर पाऊस, बांधाला भगदाड पडलं, त्यालाच इथे खांड म्हणतात, आणि खाडीचं पाणी सरळ भातात. फुटव्यावर आलेलं पीक बघता बघता शेंड्यापर्यंत बुडालं.

भरती ओसरेपर्यंत काहीच करता येत नाही, नुसतं बघत बसायचं. आमच्यातल्या एका मुलीने बॅगेतून पाण्याचा खारेपणा मोजणारा ईसी मीटर काढला, पाण्यात बुडवला आणि आकडा बघून माझ्याकडे बघायला लागली. भाताला 3 च्या वर त्रास सुरू होतो असं आम्ही वर्गात शिकवतो, इथे आकडा दोन अंकी. काकांना मीटरशी घेणंदेणं नव्हतं. ते म्हणाले, राता, म्हणजे खारं पाणी सोसणारा इथला जुना भात, असता तर तगला असता, बापाच्या वेळी सगळीकडे राताच होता, आता कोणी लावत नाही, उतारा कमी.

मग मी त्यांना सांगितलं की तो राता गेलेला नाही काका. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल 1 आणि पनवेल 2 हे भाताचे वाण काढले त्यात एक बाजू आयआर 8 या जास्त उताऱ्याच्या वाणाची आणि दुसरी तुमच्याच भुरा रात्याची. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण पोरं एकदम सरसावून बसली, परीक्षेला त्यांनी हे पाठ केलेलंच होतं.

हे केंद्र ज्याचं, ते दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, त्याआधी कोकणसुद्धा राहुरीच्या विद्यापीठाकडे होतं. मला त्याच्या वाढीत खरं काम वाटतं ते या केंद्रांचं, भातासाठी कर्जत, नारळासाठी भाट्ये, काजू-आंब्यासाठी वेंगुर्ला, खाऱ्या जमिनीला पनवेल. काही केंद्रं तर विद्यापीठाच्याही आधीची. आता कृषी पदवीसाठी सहाव्या डीन्स कमिटीने ठरवलेला नवा अभ्यासक्रम आलाय, एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय. कागदावर छान आहे, पण वर्षभरात बाहेर पडणारा पोरगा असा बांध कधी बघणार हा मला प्रश्नच आहे.

असो. ओहोटी लागली तसं गाव बांधावर जमलं. रात्रीची भरती यायच्या आत खांड बांधायची होती. बांबू ठोकले, पेंढा टाकला, चिखलाचे गोळे हातोहात पुढे, आमची पोरं रांगेत उभी, युनिफॉर्मचा रंग ओळखू येईना. दुसरीकडे उघाडी मोकळी करून आतलं पाणी सोडलं. अंधार पडायला आला तेव्हा बांध उभा राहिला, आणि नशिबाने रात्रभर धो धो पाऊस झाला, गोड्या पाण्याने शेत धुतलं गेलं. सखल खाचरातलं पीक मात्र गेलंच.

फाईलमध्ये या दिवसाला रकाना नव्हता. पोरांनी 'कामगंध सापळे प्रात्यक्षिक रद्द' असं लिहिलं होतं, मी ते खोडायला लावून घडलं ते सगळं दोन पानं लिहायला सांगितलं, ईसीच्या आकड्यांसकट, आणि मार्क दिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच दोन पानांवर प्रश्न विचारले.

आणि काकांचा फोन आला होता, पनवेलचं बियाणं कधी मिळतं विचारायला. म्हटलं पेरणीच्या आधी केंद्रावर लवकर नंबर लावा, उशीर केलात तर संपतं.